आयटीची चार वर्षं : इंदूरच्या मराठी घरांतून पहिल्यांदाच तिकडे निघालेल्यांसाठी

जेईईचा रँक हातात आला की रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत घरोघरी एकच प्रश्न असतो : सीएस (कॉम्प्युटर सायन्स) मिळत नाहीये, आयटी (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) मिळतंय, घ्यावं का? घ्यावं. पहिली दोन वर्षं दोन्हींकडे जवळपास सारखीच असतात. पुढे सीएसला कंपायलर आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनकडे थोडा जास्त कल, आयटीला नेटवर्क, वेब आणि माहितीची सुरक्षा यांकडे थोडा जास्त. भरतीच्या जाहिरातीत 'सीएस/आयटी' असं एकत्रच लिहिलेलं असतं आणि गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला, तर दोघांचा पेपर एकच, त्याच्या नावातच दोन्ही शब्द आहेत. चांगल्या कॉलेजातलं आयटी सोडून दूरच्या, प्रयोगशाळेत निम्मी मशिनं बंद असलेल्या कॉलेजातलं सीएस घेणं हा तोट्याचा सौदा आहे. शाखेच्या नावाआधी लॅब पाहा, तिथे संध्याकाळी बसू देतात का ते विचारा.

इंदुरात बी.टेक. किंवा बी.ई. आयटीसाठी लोक आधी दोन नावं घेतात : १९५२ साली सुरू झालेली श्री गोविंदराम सेकसरिया संस्था, म्हणजे आपलं एसजीएसआयटीएस, आणि खंडवा रोडवरचं देवी अहिल्या विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज, आयईटी. बाकी खासगी कॉलेजं पुष्कळ, त्यांतली बरीच भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाशी संलग्न. या सगळ्यांचा प्रवेश राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या, म्हणजे डीटीईच्या, काउन्सेलिंगमधून, मुख्यतः जेईई मेनच्या रँकवर होतो. रँक नसेल किंवा फार मागचा असेल तर नंतरच्या फेऱ्यांत बारावीच्या गुणांवर आणि शेवटी कॉलेज लेव्हल काउन्सेलिंगमध्ये, ज्याला सगळे सीएलसी म्हणतात, जागा मिळते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावं लागतं. कॉमर्सवाल्यांनी किंवा गणित सोडलेल्यांनी बीसीए करून पुढे दोन वर्षांचं एमसीए करावं. तोही पूर्ण रस्ता आहे, कमीपणाचा नाही. २०२४-२५ पासून बीसीएही एआयसीटीई या देशपातळीवरच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या देखरेखीखाली आलं आहे, म्हणून कॉलेजची मान्यता तपासूनच फी भरा.

काउन्सेलिंगमध्ये मुलं कुठे अडकतात ते ठरलेलं आहे. पसंतीक्रम भरला पण लॉक केला नाही. 'अपग्रेड'चा, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मागण्याचा, पर्याय न वाचता टिक केला आणि बरी जागा हातातून गेली. जागा मिळाली, पण दिलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन हजेरी नोंदवली नाही, म्हणून ती रद्द झाली. पसंतीक्रम कागदावर आधी लिहा, घरातल्या दोघांकडून वाचून घ्या, मगच कॅफेत किंवा मोबाइलवर भरा. यादी लांब ठेवायला काही पैसे पडत नाहीत. मात्र जिथे जाणारच नाही ते नाव टाकू नका.

कागदपत्रांचं मराठी घरांपुरतं एक वेगळं दुखणं आहे. जातीचा दाखला आजोबांच्या वेळचा, महाराष्ट्रातला असतो. मध्य प्रदेशच्या राखीव जागांसाठी तो चालत नाही. इथल्या यादीत ती जात असावी लागते आणि दाखला इथल्याच अधिकाऱ्याचा लागतो. मूळ निवासी आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, कारण जूनमध्ये लोकसेवा केंद्रावर रांगा लागतात. उलट बाजूही सांगायला हवी : आपण मराठी बोलतो म्हणून पुण्या-मुंबईला 'गृहराज्य' धरत नाहीत. तिकडे अधिवास आणि दहावी-बारावी कुठून झाली ते बघतात. इंदूरच्या मुलाला तिथे सहसा अखिल भारतीय जागांतूनच जावं लागतं.

पैशांची ओढाताण असेल तर दोन गोष्टी आधी विचारा. एक, ट्यूशन फी माफीच्या जागा : मंजूर जागांच्या वर ५ टक्के असतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि त्यांचा पर्याय काउन्सेलिंगमध्येच निवडावा लागतो, नंतर कॉलेजात जाऊन हात जोडले तरी मिळत नाहीत. दुसरी, मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना : राज्य मंडळाच्या बारावीला ७० टक्के किंवा सीबीएसईला ८५ टक्के, आणि इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत. उत्पन्नाची मर्यादा त्या वर्षीच्या नियमांत पाहून घ्या.

घरी मराठी, गल्लीत हिंदी, पेपर इंग्रजी

पहिल्या सेमिस्टरला जी मुलं मागे पडतात, त्यांतली बरीच हुशारीत कमी नसतात. त्यांचा अडथळा भाषेचा असतो आणि तो ओळखायलाच दोन महिने जातात. वर्गात सर हिंदी-इंग्रजी मिसळून शिकवतात, ते कळतं. पुस्तक इंग्रजी, तिथे वाक्य डोक्यात जात नाही. मग मुलं ते वाक्य तसंच पाठ करतात आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिल्याच 'म्हणजे काय?'वर गप्प होतात.

उपाय असा. संकल्पना मराठीत समजून घ्या, पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवा. स्टॅकला 'चळत' म्हणून लक्षात ठेवायला हरकत नाही : ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. पण वहीत आणि तोंडात शब्द स्टॅकच असू द्या, ठेवण्याला पुश आणि काढण्याला पॉपच असू द्या. रोज रात्री त्या दिवसाची एक गोष्ट घरातल्या कुणाला तरी मराठीत पाच मिनिटं सांगायची. आजीला सांगा, धाकट्या भावाला सांगा. जिथे अडखळाल, ती जागा कच्ची. त्यानंतर तेच इंग्रजीत सहा ओळींत लिहायचं. परीक्षेत हेच लागतं : व्याख्या, आकृती, उदाहरण, एक मर्यादा.

पहिलं वर्ष

गणित, भौतिक किंवा रसायन, बेसिक इलेक्ट्रिकल, ड्रॉइंग, वर्कशॉप आणि सी लँग्वेज. एवढ्यात संगणकाचं म्हणून एकच आहे, ते म्हणजे सी. त्यामुळे मुलं बाकीचं टाळतात आणि गणितात बॅक लागते, म्हणजे विषय राहतो. गणितासाठी हुशार उपाय नाही : मागच्या पाच वर्षांचे पेपर, रोज चार उदाहरणं, लिहून. मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन हातखंडा झाले तर पास होणं अवघड राहत नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी पहिल्या वर्षाचं गणित सुट्टीत स्वतः उरकून घ्यावं. तिसऱ्या सेमिस्टरचं गणित ते आलेलं आहे असं धरूनच सुरू होतं.

सीवर मात्र थांबा, कारण पुढची सगळी इमारत त्यावर आहे. कॉलेजात वीस-पंचवीस प्रोग्रॅम फाइलमध्ये उतरवून घेतात. फाइल उतरवणं म्हणजे सी येणं नव्हे. सी यायला प्रोग्रॅम मोडावा लागतो. फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम घ्या, साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात. १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं : ४७९००१६००. आता १३ द्या. यायला हवं ६२२७०२०८००, पडद्यावर येतं १९३२०५३५०४. मशिन चूक झाली असं सांगत नाही, शांतपणे खोटा आकडा देतं. कारण इंटमध्ये ३२ बिट, त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. त्यापुढे गेलं की वरचे बिट गळून जातात. खऱ्या उत्तरातून ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात, वजा करून बघा. पडद्यावरचाच आकडा मिळेल. ही वजाबाकी एकदा स्वतः कागदावर केली की ओव्हरफ्लो हा शब्द आयुष्यभर विसरत नाही. लाँग लाँग हा ६४ बिटांचा प्रकार घेतलात तर २० पर्यंत जाल, २१ ला पुन्हा तेच.

दुसरा प्रयोग आपल्याच लिपीचा आणि तो प्रत्येक मराठी मुलाने करावा असं मनापासून वाटतं. सीमध्ये दहा घरांचा कॅरेक्टर ॲरे, म्हणजे अक्षरांसाठी एकेका बाइटाची सलग घरं, घ्या आणि त्यात 'इंदूर' टाइप करा, लिनक्सवर. डोळ्याला अक्षरं तीन दिसतात : इं, दू, र. दहात तीन सहज मावायला हवीत. पण युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, हिशेबाने ती पाच चिन्हं आहेत : इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. आणि ते क्रमांक बाइटांत साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. झाले १५, वर शेवटचा शून्याचा बाइट धरून १६. दहाच्या ॲरेत १६ बाइट ओतले की उरलेले सहा शेजारच्या जागेवर सांडतात. कधी प्रोग्रॅम चालल्यासारखा दिसतो, कधी शेजारच्या व्हेरिएबलची किंमत बदलते, कधी जागच्या जागी कोसळतो. सीला स्ट्रिंगची लांबी विचारा : १५ सांगेल. पायथनला विचारा : ५ सांगेल. तुम्ही म्हणाल ३. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि ते का हे ज्याला सांगता आलं त्याला कॅरेक्टर, बाइट आणि एन्कोडिंग यांतला फरक कळला. आता इनपुटला ९ बाइटांची मर्यादा घाला, 'इंद' एवढंच राहील. मर्यादा ७ करा, 'द' मध्येच कापला जाईल आणि त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसेल. सरकारी फॉर्मवर आपली नावं अर्धवट छापून येतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

पॉइंटर, म्हणजे दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल, यानंतर शिका, आधी नाही. आणि शिकताना प्रत्येक वेळी कागदावर चौकोन काढा, चौकोनाला पत्ता द्या, बाण काढा. चित्र न काढता पॉइंटर समजला असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःवरही.

लॅपटॉपची घाई नको. पहिल्या सेमिस्टरचं सी कॉलेजच्या लॅबवर आणि घरातल्या जुन्या मशिनवर होतं. घ्याल तेव्हा १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघा. ८ जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशिन धापा टाकतं. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नका. पडदा आणि कीबोर्ड हात लावून बघून घ्या, चार वर्षं त्याच्यासमोर बसायचं आहे. त्यावर उबुंटू हे लिनक्स किंवा विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पहिल्याच महिन्यात टाका.

दुसरं वर्ष, जिथे सगळं ठरतं

डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, डिजिटल, ऑब्जेक्ट ओरिएंटेड, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस. क्रम कॉलेजागणिक थोडा बदलतो. याच वर्षी मुलांच्या कानावर वेब डेव्हलपमेंट, एआय, क्लाउड असे शब्द येतात, भंवरकुआँच्या भिंतींवर क्लासेसच्या पाट्या असतातच, आणि मुलं वर्गातला विषय सोडून तिकडे धावतात. आमचं मत स्पष्ट आहे : डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क हे चार विषय स्वतःच्या हाताने झाले असतील तर बाकी काहीही तीन महिन्यांत शिकता येतं. ते झाले नसतील तर तीन महिन्यांत शिकलेलं तीन महिनेच टिकतं.

डेटा स्ट्रक्चरमध्ये लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, बायनरी सर्च ट्री, हीप, हॅश टेबल आणि ग्राफवरचे दोन शोध एवढं कोऱ्या पानावरून, न बघता लिहिता आलं पाहिजे. लिंक्ड लिस्टमधून नोड काढताना बहुतेकांचा प्रोग्रॅम पहिला नोड काढायला सांगितला की कोसळतो, किंवा यादी रिकामी असली की. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमला चार इनपुट द्यायची सवय लावा : रिकामं, एकच घटक, पहिला घटक, शेवटचा घटक. कंपन्यांच्या कोडिंग चाचणीत लपवलेल्या टेस्ट केस याच असतात. आणि वेळेचा हिशेब आकड्यांत बघा. १० लाख नोंदींत एकेक करून शोधायचं तर १० लाख तुलना लागू शकतात, दर वेळी निम्मी यादी टाकून देणाऱ्या बायनरी सर्चने २०. वीस, कारण २ चा २० वा घात १० लाख ४८ हजार ५७६ आहे. मात्र यादी आधी क्रमाने लावलेली हवी, हे विसरून मुलं न लावलेल्या यादीवर बायनरी सर्च चालवतात आणि 'सापडलं नाही' असं उत्तर आलं की संगणकाला दोष देतात.

क्रम लावण्यावरून आठवलं. मराठी शब्दांची यादी साध्या सॉर्टला दिली तर 'काळा' आधी येतो आणि 'कावळा' नंतर, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर येतो, त्यामुळे शब्दकोशात 'कावळा' आधी हवा. असे छोटे प्रश्न प्रोजेक्टला सोन्यासारखे असतात आणि ते आपल्याशिवाय कोण सोडवणार?

डेटाबेसचा विषय पुस्तकात नॉर्मल फॉर्मच्या, म्हणजे टेबल नीट विभागण्याच्या नियमांच्या, व्याख्यांनी भरलेला असतो. त्या पाठ करण्याआधी एक खरा हिशेब घ्या. समजा, भंवरकुआँजवळ एक काकू होस्टेलच्या मुलांना डबे देतात. ६० मुलं, दोन्ही वेळचा डबा, महिन्याला ३६०० नोंदी. काकूंच्या वहीसारखा एकच टेबल केला : नाव, मोबाइल, पत्ता, तारीख, वेळ, दर, जमा. पहिल्या आठवड्यात सगळं छान. मग एकाने मोबाइल बदलला. तो नंबर त्याच्या पन्नास ओळींत आहे. अठ्ठेचाळीस बदलल्या, दोन राहिल्या, आता एकाच मुलाचे दोन नंबर. म्हणून ग्राहकांचा टेबल वेगळा, डब्यांच्या नोंदींचा वेगळा, जमा पैशांचा वेगळा. इथपर्यंत पुस्तकही सांगतं.

पुढे जे चुकतं ते पुस्तकात सहसा नसतं. दर ग्राहकांच्या टेबलात ठेवला, म्हणजे एकाच जागी, नीटनेटका. जुलैत काकूंनी दर ७० वरून ८० केला आणि जूनची बिलं पुन्हा काढली तर तीही ८० ने आली. दर हा ग्राहकाचा गुण नाही, तो त्या दिवशीच्या व्यवहाराचा आहे. म्हणून तो नोंदीसोबत तरी लिहा किंवा 'या तारखेपासून' असा दरांचा वेगळा टेबल तरी ठेवा. एकच आकडा अनेक ओळींत दिसला म्हणजे ती पुनरुक्तीच असते असं नाही.

मग महिनाअखेर बिल काढायला तिन्ही टेबल एका क्वेरीत जोडले. एका मुलाच्या ६० नोंदी, त्याने पैसे दोन हप्त्यांत दिले. जोडल्यावर ६० गुणिले २, म्हणजे १२० ओळी झाल्या. डब्यांची बेरीज दुप्पट आली, जमा रक्कम साठपट. ही चूक नोकरीत पाच-पाच वर्षं काढलेले लोकही करतात. आधी नोंदींची ग्राहकवार बेरीज, जमेची ग्राहकवार बेरीज, आणि मग त्या दोन बेरजा ग्राहकाला जोडायच्या. शिवाय साधा इनर जॉइन, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी ठेवणारा, वापरला तर ज्याने एक पैसाही दिलेला नाही तोच यादीतून गायब होतो, आणि काकूंना नेमकं त्याचंच नाव हवं असतं. तिथे लेफ्ट जॉइन, त्यात सगळे ग्राहक राहतात. रकमेसाठी फ्लोट नको, डेसिमल हा प्रकार घ्या, कारण फ्लोटमध्ये ०.१ सुद्धा अचूक साठत नाही. आणि मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा; जुन्या 'यूटीएफ८'मध्ये ३ बाइटच मावतात, देवनागरी चालते पण कुणी नावापुढे इमोजी टाकला की नोंद नाकारली जाते.

एवढा एक हिशेब स्वतः उभा केला तर डेटाबेसचा पेपर, व्हायव्हा आणि निम्मी मुलाखत तयार झाली असं समजा. इंडेक्सचा, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीचा, फरक मात्र ३६०० ओळींत दिसणार नाही. एक छोटा प्रोग्रॅम लिहून खोट्या १० लाख ओळी भरा, तारखेवर शोधा, वेळ बघा, इंडेक्स लावा, परत शोधा.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेड्युलिंगची, म्हणजे कुठल्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) प्रोसेसर कधी द्यायचा याची, उदाहरणं हमखास गुणांची. प्रत्येकीला पाळीपाळीने ठरावीक वेळ देणाऱ्या राउंड रॉबिनचा गँट चार्ट, म्हणजे वेळेचा पट्टा, काढताना नव्याने आलेली प्रोसेस रांगेत आधी उभी राहते की आत्ताच वेळ संपलेली, इथे मुलं गोंधळतात. नेहमीचा संकेत नव्याने आलेली आधी असा आहे, तो उत्तराच्या वर लिहून टाका. फोर्क, म्हणजे प्रोसेसची नक्कल तयार करणारी आज्ञा, एकामागून एक तीनदा लिहिली तर एकूण प्रोसेस ८ होतात, ६ नाही. लिनक्सवर चालवून बघा.

नेटवर्क हातात धरून

तिसऱ्या वर्षी नेटवर्क येतं आणि त्याच्या कामाच्या सात थरांची नावं पाठ करण्यात संपतं. त्यापेक्षा होस्टेलचं किंवा घरचं वायफाय बंद पडलं की खुश व्हा, कारण तीच प्रयोगशाळा. आधी राउटरला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवा; त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. उत्तर नाही आलं तर भानगड तुमच्या आणि राउटरच्या मध्ये. आलं तर बाहेर इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला पिंग. तेही आलं पण वेबसाइट उघडत नाही? मग रस्ता ठीक आहे, नावाचा पत्ता करून देणारा डीएनएस रुसला आहे. एनएसलुकअपने खात्री करा. तीन कमांड, आणि थर म्हणजे काय ते समजलं.

सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे लहान विभाग पाडणं, परीक्षेत येतंच. १९२.१६८.१०.० चं /२४ नेटवर्क (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ नेटवर्कचे) चार विभागांत वाटायचं तर /२६ होतं, प्रत्येकात ६४ पत्ते, वापरता येणारे ६२. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा. विभाग ०, ६४, १२८, १९२ पासून सुरू होतात. असं एकेक उदाहरण रोज, पंधरा दिवस. नंतर पाहावं लागत नाही.

बाकीचा कारभार

हजेरी बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते, आणि इंटर्नल गुण मिडसेम, असाइनमेंट आणि हजेरी यांत विभागलेले असतात. हे गुण बुडाले की शेवटच्या पेपरात भरून निघत नाहीत. एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात पदवीला साधारण १६० क्रेडिट असतात. आठवड्याला एक तासाचं व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट, दोन तासांचं प्रॅक्टिकल म्हणजे एक. कुठल्या विषयावर किती वेळ घालायचा ते यावरून ठरवा, मित्र काय करतो यावरून नाही.

शिक्षक नीट मिळाले नाहीत तर एनपीटीईएल आहे. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे ४, ८ आणि १२ आठवड्यांचे कोर्स, ऐकणं फुकट. प्रमाणपत्र हवं तर फी भरून केंद्रावर परीक्षा. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण. बारा आठवड्यांत सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. त्यांत २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हवेतच. पण एका सेमिस्टरला एकच घ्या. तीन घेतलेल्यांचे तिन्ही चौथ्या आठवड्यात सुटतात.

गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शिका आणि प्रत्येक असाइनमेंट तिथे टाका. पासवर्ड असलेली फाइल चुकून वर गेली तर ती नंतर काढून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या नोंदीत, ती राहते, पासवर्डच बदला. प्रोग्रॅम लिहून देणारी एआयची साधनं आता सगळ्यांच्या हातात आहेत. चूक समजावून घ्यायला ती वापरा. पहिला मसुदा मात्र स्वतःचा हवा, कारण चाचणीच्या खोलीत ती साधनं नसतात आणि तिथे रिकाम्या पडद्यापुढे हात थिजतात.

नोकरीसाठीची तयारी पाचव्या सेमिस्टरपासून. इंदुरात सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस आहेत, त्यामुळे घराजवळ नोकरीची आशा अगदीच पोकळ नाही; पण भरती देशभरासाठी होते आणि पहिलं पोस्टिंग कुठेही येऊ शकतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत ६० टक्के आणि चालू बॅक नको, अशी अट पुष्कळ कंपन्या घालतात. म्हणजे पहिल्या वर्षीचं गणित इथे येऊन दार अडवतं. रोज दोन कोडिंग प्रश्न, सोपे सुद्धा चालतील, सहाव्या सेमिस्टरपर्यंत दीड-दोनशे. सोबत ॲप्टिट्यूडला रोज अर्धा तास. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांनी गेट तिसऱ्या वर्षीच एकदा देऊन बघावी, नियमात बसतं. ६५ प्रश्न, १०० गुण, स्कोअर तीन वर्षं चालतो.

शेवटचं वर्ष

मेजर प्रोजेक्टला चार जणांचा गट असतो आणि काम सहसा एकटा करतो. विषय ठरवतानाच लिहून घ्या की कोण काय करणार, आणि प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून कोड टाकायचा. तयार प्रोजेक्ट बाजारात विकत मिळतो. बाहेरचे परीक्षक तो दोन मिनिटांत ओळखतात : 'या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून दाखव,' म्हणतात. स्वतः केलेल्याला दहा मिनिटं लागतात, विकत घेतलेल्याला फाइल कुठे आहे तेही सापडत नाही. विषय लहान घ्या आणि पूर्ण करा. काकूंच्या डब्यांचा हिशेब, तोही त्यांनी खरोखर महिनाभर वापरून दाखवलेला, हा चेहरा ओळखणाऱ्या अर्धवट प्रणालीपेक्षा कितीतरी चांगला प्रोजेक्ट आहे. वापरताना काकूंना कुठे अडलं ते रिपोर्टमध्ये लिहा; व्हायव्हाचे निम्मे प्रश्न तिथेच वळतात. डेमोच्या दिवशी इंटरनेट नसेल असं धरून सगळं लॅपटॉपवर चालेल अशी तयारी ठेवा, आणि चालत्या प्रोग्रॅमचा व्हिडिओ फोनमध्ये असू द्या.

एक काम मात्र आठव्या सेमिस्टरपर्यंत लांबवू नका. मराठी घरांत आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी असतं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव-आडनाव. कुठे 'जोशी'च्या इंग्रजी स्पेलिंगला एक अक्षर जास्त, कुठे कमी. पदवीवर दहावीप्रमाणे नाव येतं, पॅनवर आधारप्रमाणे, आणि नोकरी लागल्यावर कागद पडताळणाऱ्यांना दोन माणसं दिसतात. पहिल्याच वर्षी दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा, आधार, पॅन, बँक खातं आणि कॉलेजची नोंद तिच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. फरक असेल तर सहसा आधार बदलून घेणं सोपं जातं, गुणपत्रिका बदलणं फार वेळ खातं.